रॅकून पाळू या का? जपानने शिकलेला धडा



मोबाईलवर रॅकूनचे व्हिडिओ मुलं अगदी आवडीने बघतात. डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा, झुपकेदार पट्ट्यांची शेपटी आणि दोन्ही हातांत खाऊ धरून खाणारं गोंडस पिल्लू! मग प्रश्न येतोच, "आपण पाळू या का?" अशा वेळी नुसतं "नाही" म्हणण्यापेक्षा मुलांना जपानमध्ये काय घडलं ते सांगा.

रॅकून कसा असतो?

रॅकून मूळचा उत्तर अमेरिकेचा. वजन साधारण 5 ते 10 किलो. तो निशाचर आहे, म्हणजे आपण झोपलो की त्याचा दिवस सुरू होतो. फळं, मका, अंडी, बेडूक, कचऱ्यातलं उष्टं, त्याला काहीही चालतं. त्याच्या पुढच्या पंजांना पाच बोटं असतात आणि त्यांचा स्पर्श फार तीक्ष्ण असतो. कडी उघडणं, झाकण काढणं त्याला सहज जमतं. खाणं पाण्यात चाचपायच्या सवयीमुळे जपानी भाषेत त्याला 'आराइगुमा', म्हणजे 'धुणारं अस्वल' म्हणतात.

पुस्तक, मालिका आणि हट्ट

अमेरिकन लेखक स्टर्लिंग नॉर्थ यांनी 1963 साली 'रास्कल' हे पुस्तक लिहिलं. लहानपणी पाळलेल्या रॅकूनच्या या आठवणी. त्यावरून 1977 मध्ये जपानी दूरदर्शनवर कार्टून मालिका आली आणि घराघरांत पोहोचली. मुलांनी हट्ट धरला, पालकांनी पुरवला. अमेरिकेतून पिल्लं आणली जाऊ लागली.

पिल्लू वर्षभरात मोठं झालं की त्याचा जंगली स्वभाव जागा होतो. ते चावतं, ओरबाडतं, कपाटं उचकटतं, पिंजऱ्यात राहत नाही. शिवाय रॅकूनच्या विष्ठेतून एका जंताची अंडी पसरतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूलाही इजा होऊ शकते. घरचे कंटाळले. काही रॅकून पळाले, काही लोकांनी जंगलात नेऊन सोडले.

गंमत अशी, की पुस्तकातला मुलगाही शेवटी रास्कलला रानात सोडतो. पण ते रान रास्कलचं स्वतःचं होतं. जपानचं रान त्याचं नव्हतं. तिथे त्याला खाणारा मोठा शिकारी नव्हता, खायला मात्र भरपूर. रॅकून देशभर पसरले. मका, कलिंगडाची शेतं त्यांनी फस्त केली, जुन्या लाकडी मंदिरांच्या छतांत घरं केली, बेडकांसारख्या स्थानिक जीवांवर ताव मारला. अखेर 2005 मध्ये लागू झालेल्या कायद्याने तिथे रॅकून आणणं, घरी पाळणं आणि सोडणं, तिन्हींवर बंदी आली. आता दरवर्षी हजारो रॅकून पकडून मारले जातात. यात त्या प्राण्याचा काय दोष?

आपल्याकडे काय?

हे फक्त जपानमध्येच घडतं असं नाही. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं छोटं कासव आपल्या शहरांतही मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतं. तेही मूळचं अमेरिकेचंच. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं असलेलं हे पिल्लू पुढे ताटलीएवढं होतं, अनेक वर्षं जगतं. मग कुणीतरी "बिचाऱ्याला मोकळं करू" म्हणून तळ्यात सोडतं आणि तिथल्या मूळ कासवांच्या अन्नावर, जागेवर गदा येते. म्हणजे मोकळं सोडणं ही नेहमीच दया नसते.

वर्गात किंवा घरी घ्यायचा उपक्रम

मुलांना एक प्राणी निवडायला सांगा आणि हे चार प्रश्न वहीत सोडवून घ्या:

1. हा प्राणी मूळचा कुठला?
2. पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि किती वर्षं जगतो?
3. त्याला पाळायला कायद्याची परवानगी आहे का? (आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, हे अनेक मोठ्यांनाही माहीत नसतं.)
4. उद्या कंटाळा आला तर त्याचं काय होईल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतः शोधू द्या. ते सापडलं की "आपण पाळू या का?" याचं उत्तर तीच देतील.