कारू : वायू की पाणी?

फ्रॅकिंग म्हणजे : पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं खोलवर सोडून शेल खडकाला भेगा पाडणं, त्यातून वायू बाहेर येतो.

कुठे : दक्षिण आफ्रिकेतला कारू. सुमारे ४ लाख चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राहूनही मोठा. पाऊस तुटपुंजा, गावं आणि मेंढपाळी पवनचक्क्यांनी उपसलेल्या भूजलावर तगतात. फ्रॅकिंगला असलेल्या विरोधाचं मूळ तिथेच.

साठा किती : अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाचा २०११चा अंदाज ४८५ लाख कोटी घनफूट; २०१३मध्ये ३९०. दक्षिण आफ्रिकी भूवैज्ञानिकांनी २०१७मध्ये मांडलेला आकडा? अवघा १३.

टप्पे
• एप्रिल २०११ : नव्या परवान्यांना स्थगिती
• सप्टेंबर २०१२ : स्थगिती उठली
• २०१९ : सर्वोच्च अपील न्यायालयाकडून २०१५चे फ्रॅकिंग नियम रद्द. ते करण्याचा अधिकार खनिजमंत्र्यांना नव्हता, पर्यावरणमंत्र्यांना होता.