दोन ग्रॅमचा जीव आणि पंचवीस वॅटचा दिवा

२०२४ च्या जानेवारीतील गोष्ट. नाशिकला आमच्या घरी बजरीगर पक्ष्यांची एक जोडी आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास माझ्या धाकट्या मुलीने हाक मारली, "बाबा, पिल्लं खाली पडलीत!" जाऊन पाहतो तो पिंजऱ्याच्या तळाच्या पत्र्यावर तीन उघडीवाघडी पिल्ले. एक पाच दिवसांचे, एक तीन दिवसांचे आणि एक आदल्या दिवशी अंड्यातून निघालेले. खोलीतील तापमापक १५° से. दाखवीत होता. मोठी दोन किंचित हालचाल करीत होती. धाकटे हाताला थंडगार लागले.

बाजारात या पक्ष्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, पण ते खरे नव्हे. लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात थव्यांनी फिरणारा लहानसा पोपट. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तेथून ते जगभर घरोघरी पोहोचले. (आपल्याकडचा रानातला पोपट पकडणे वा पाळणे हा मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्यावे.) मूळ प्रदेशात ही मादी निलगिरीच्या झाडांच्या ढोलीत अंडी घालते, आपण तिला मडके देतो. ती एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते आणि पहिल्या एकदोन अंड्यांपासूनच उबवू लागते. अंडे सुमारे १८ दिवसांनी फुटते. त्यामुळे पिल्लेही एक दिवसाआड निघतात आणि एकाच मडक्यात लहानमोठी भावंडे दिसतात.

मादी पिल्लांना का टाकते? कधी ती पहिलटकरीण असते, कधी आजारी असते, कधी मडक्यात गोचिडीसारखे बारीक किडे झालेले असतात, तर कधी तिला दुसऱ्या वेतासाठी मडके मोकळे हवे असते. आमच्या बाबतीत दोष बहुधा आमचाच होता. भिंतींना रंग द्यावयाचा म्हणून आदल्या संध्याकाळी पिंजरा मडक्यासकट दुसऱ्या खोलीत हलवला होता. पिल्ले परत मडक्यात ठेवून पाहिली. मादीने त्यांना टोचून पुन्हा बाहेर लोटले. जवळपास जवळजवळ त्याच वयाची पिल्ले असलेली दुसरी मादी असती तर तिच्या मडक्यात ही ठेवता आली असती. बजरीगर मादी पुष्कळदा परकी पिल्ले स्वीकारते आणि तोच सर्वांत चांगला मार्ग होय. आमच्या ओळखीत कोणाकडे तशी जोडी नव्हती.

अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो भुकेचा. मुलीने पातळ पेज केली आणि मी ड्रॉपरने धाकट्याच्या चोचीत दोन थेंब सोडले. ते त्याने गिळलेही. आम्हाला वाटले, जिंकलो. पण या पिल्लांची कातडी इतकी पातळ असते की गळ्याखालची अन्नाची पिशवी बाहेरून स्पष्ट दिसते. तीन तास झाले तरी ते दोन थेंब होते तेथेच होते. मग मी आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या सरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, पिल्लू गरम आहे का?" मी म्हटले, "नाही, अजून गारच लागतंय." ते म्हणाले, "मग भरवायला नको होतं. थंड पिल्लाला अन्न पचत नाही. आधी ऊब, मग घास."

कारण असे. मोठ्या बजरीगरच्या शरीराचे तापमान सुमारे ४१° से. असते. आतड्यांच्या स्नायूंची हालचाल आणि पाचक रसांचे काम याच तापमानाच्या आसपास नीट चालते. शरीर गार पडले की पिशवीतले अन्न पुढे सरकत नाही. ते तेथेच आंबते. शिवाय नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातील बलकाचा काही भाग शिल्लक असतो. पहिले काही तास त्याला बाहेरच्या अन्नाची घाई नसतेच. घाई असते ती उष्णतेची. दुपारी ते पिल्लू गेले.

पंचवीस वर्षे वर्गात उष्णतेचे नियम शिकवणाऱ्याला ही गोष्ट आधी सुचू नये, याचे मला वाईट वाटले. उरलेल्या दोघांना घेऊन मग मी वही उघडली.

कणकेचा १ सेंमी. बाजूचा एक घन करा. त्याचे आकारमान १ घन सेंमी. आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंमी. आता २ सेंमी. बाजूचा घन घ्या. आकारमान ८ पट झाले, पण पृष्ठफळ २४ चौरस सेंमी., म्हणजे चौपटच. वस्तू लहान होत जाते तसतसे तिच्या दर ग्रॅममागे असलेले पृष्ठफळ वाढत जाते. उष्णता साठते ती वस्तुमानात आणि निसटते ती पृष्ठभागावरून. नुकते निघालेले पिल्लू २ ग्रॅमचे, मोठा पक्षी साधारण ३२ ग्रॅमचा. वजन १६ पट, पण हिशोब केला तर पृष्ठफळ मात्र सुमारे सव्वासहा पट. म्हणजे पिल्लाची दर ग्रॅममागची कातडी आईच्या अडीच पट! तीही उघडी, अंगावर पिसे नाहीत. थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या हालचालीतून उष्णता मिळते. या पिल्लाला तेही जमत नाही. अंगाची उष्णता स्वतः पुरेशी निर्माण करण्याची शक्ती त्याला पुढे, पिसे फुटू लागतात त्या सुमारास येते. तोवर त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेमागे जाते, अगदी कपातील चहासारखे.

आमच्या प्रयोगशाळेतील तराजूवर मोठ्या दोघांची वजने भरली ६.८ आणि ३.४ ग्रॅम.

एक प्रयोग तुम्ही शाळेत करून पाहा. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या आठ सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. सर्वांत ५०° से. चे पाणी भरा. सात बाटल्या, मध्ये एक व भोवती सहा अशा, रबराने एकत्र बांधा. आठवी एकटी ठेवा. एकट्या बाटलीतील आणि जुडग्याच्या मधल्या बाटलीतील तापमान दर मिनिटाला नोंदवून आलेख काढा. मधली बाटली किती उशिरा निवते ते पाहा. भावंडे मडक्यात एकमेकांवर ढीग करून का बसतात, ते त्या दोन रेषा सांगतील. तिघांतले एक गेल्याने उरलेल्या दोघांचेही असे नुकसान झालेच होते.

आता पेटी. घरात सगळीकडे एलईडी दिवे. ते थोड्या विजेत पुष्कळ उजेड देतात हा त्यांचा गुण, पण येथे तोच अवगुण. आम्हाला हवा होता तंतूचा जुना दिवा, ज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जाते. हार्डवेअरच्या तिसऱ्या दुकानात २५ वॅटचा एक मिळाला. लाकडी खोक्याच्या एका बाजूला तो बसवला, मध्ये जाळी लावली आणि दिव्यावर मातीची छोटी कुंडी पालथी घातली. तिने उजेड अडवला. शिवाय माती हळू तापते व हळू निवते, त्यामुळे तापमानातील चढउतार कमी झाले. दुसऱ्या बाजूला मऊ कागदाचे अस्तर लावलेल्या वाटीत पिल्ले. वाटी यासाठी की सपाट गुळगुळीत जागेवर पिल्लांचे पाय फाकतात आणि मग ते तसेच वाढतात.

तापमापक मी खोक्याच्या भिंतीला, झाकणाजवळ टांगला होता. तो ३५° से. दाखवी. तरी पिल्ले फिकट आणि एकमेकांना घट्ट चिकटलेली. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना थंडी वाजतेय." मी म्हणालो, "अगं, पस्तीस अंश आहे." शेवटी तिच्या समाधानासाठी तापमापक वाटीत पिल्लांशेजारी आडवा ठेवला. पारा २९ वर येऊन थांबला! गरम हवा हलकी होऊन वर जाते, हे आपण आठवीत शिकतो. मी झाकणाखालच्या हवेचे तापमान मोजत होतो आणि पिल्ले तळाशी होती. दिवा खाली घेतला, वाटी थोडी उंचावली, तेव्हा तासाभरात पिल्लांपाशी ३५° से. झाले आणि त्यांचा रंग गुलाबी झाला. तेव्हापासून तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहण्याची सवय लागली. फिकट आणि चिकटून बसलेली असतील तर थंडी. लालबुंद, दूर दूर पसरलेली आणि चोच उघडून धापा टाकणारी असतील तर उष्णता जास्त.

आणखी एक अडचण वहीतील गणितानेच दाखवली. १५° से. ची, ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ३५° पर्यंत तापवली की तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण बाष्प सामावण्याची तिची क्षमता तिपटीने वाढते आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. अशी कोरडी हवा पिल्लाच्या पातळ कातडीतून पाणी खेचते. ०.१ ग्रॅम पाण्याचे बाष्प झाले तरी ते सुमारे ५८ कॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्या उष्णतेत २ ग्रॅम पाणी २९ अंशांनी तापले असते. उपाय सोपा: खोक्यात एका वाटीत ओला स्पंज.

दुसऱ्या रात्री एक वाजता वीज गेली. याचा विचार आधीच करून ठेवला होता. १ लिटर पाणी ६०° पासून ४०° पर्यंत निवताना २०,००० कॅलरी, म्हणजे सुमारे ८४,००० ज्यूल उष्णता देते. २५ वॅटचा दिवा सेकंदाला २५ ज्यूल देतो. म्हणजे ती एक बाटली त्या दिव्याचे ५६ मिनिटांचे काम करते. फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या खोक्यात ठेवल्या, वर घोंगडी टाकली आणि गॅसवर पाणी ठेवले. वीज पावणेचारला आली. तोपर्यंत वाटीतला पारा ३२ च्या खाली उतरला नव्हता. त्या रात्री आम्ही चौघेही झोपलो नाही.

भरवण्याचे काम पत्नी आणि मुलगी आळीपाळीने करीत. दुकानात पक्ष्यांच्या पिल्लांसाठी तयार भुकटी मिळते, ती आणली. माणसांच्या बाळांचे दुधाचे पीठ चालत नाही, कारण पक्ष्यांना दुधातील साखर पचत नाही. एका वेळी पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या भागाइतके अन्न, म्हणजे २ ग्रॅमच्या पिल्लाला चार थेंब! लहानग्यांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पिशवी बरीचशी रिकामी झाल्यावरच पुढचा घास. अन्न ३८° ते ४०° से. असावे. त्याहून गार असेल तर पिल्लू नाकारते किंवा पचन मंदावते; ४३–४४ च्या पुढे पिशवी आतून भाजते. आणि येथेही तोच लहान वस्तूचा नियम आडवा येतो, कारण पिचकारीतील चार थेंब तोंडाशी नेईपर्यंत निवतात. म्हणून अन्नाची वाटी गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवायची आणि पिचकारीही त्याच पाण्यात बुडवून गरम करून घ्यायची.

मधले, ३.४ ग्रॅमचे पिल्लू चौथ्या दिवशी गेले. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचे तोंड असते. पिल्लू अधाशीपणे मान हलवीत असताना एक घास जरा जोरात गेला आणि अन्न श्वासनळीत उतरले. रात्रभर श्वासाबरोबर टिकटिक असा आवाज येत होता. सकाळी पशुवैद्यांकडे नेले, पण उपयोग झाला नाही. त्यांनी मुलीला दाखवले की पिचकारी पिल्लाच्या डाव्या बाजूने चोचीत घालून उजवीकडे तिरकी धरावी, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने जाते. आणि थेंब पिल्लू स्वतः गिळेल त्या वेगानेच सोडावेत. ती दोन दिवस पिचकारीला हात लावीना. मग पुन्हा तिनेच भरवायला घेतले.

उरलेले एकटेच होते. भावंडांऐवजी आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाच्या गुंडाळ्या ठेवल्या. रोज सकाळी भरवण्यापूर्वी वजन घेत असू. दहाव्या दिवशी डोळे उघडले, दोन आठवड्यांत काट्यांसारखी पिसे फुटली. तसतसे खोक्यातील तापमान आम्ही पायरीपायरीने ३२ आणि मग २८ वर आणले. चौथ्या आठवड्यात दिवा काढून टाकला. पाचव्या आठवड्यात ते खोलीभर उडू लागले आणि भिजवलेले राळे स्वतः टिपू लागले. सहा आठवड्यांचे झाले तेव्हा तराजूने दाखवले ३१ ग्रॅम.

त्याच जोडीने पुढे मार्चमध्ये पुन्हा पाच अंडी घातली. या वेळी पिंजऱ्याला कोणी हात लावला नाही, आणि मादीने पाचही पिल्ले स्वतः वाढवली. खोके माळ्यावर ठेवले आहे, दिवा आणि कुंडीसकट.