रिपोर्ट नॉर्मल, तरीही…

पनवेलहून माथेरानच्या डोंगराच्या दिशेने निघाले की नेरे लागते. नेऱ्याचे शांतिवन म्हणजे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे जुने ठिकाण, हे अनेकांना ठाऊक असेल. या रोगाविषयी एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. त्याच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा आवडतात: नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटे आणि पुरुषाचे वृषण. रोग बळावला तर पुरुषाची प्रजननक्षमता जाऊ शकते. म्हणजे मूल न होण्याचे कारण नवऱ्याच्या अंगी असू शकते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. समाजालाही ते कळते, फक्त वळत नाही.

निवृत्तीनंतर मी इकडे राहायला आलो. शेजारच्या घरातल्या सुनेला तीन वर्षांत दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सारे संपले. तिच्या तपासण्यांची फाइल आमच्या बँकेतल्या एखाद्या थकीत कर्जाच्या फाइलीएवढी जाड झाली. रक्त, सोनोग्राफी, गर्भाशयात दुर्बीण, शिवाय सासूबाईंनी सांगितलेले सोमवार. मुलाची तपासणी मात्र एकच. ‘‘काका, माझा रिपोर्ट नॉर्मल आहे,’’ असे त्याने मला जिन्यात सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. पण त्या ‘नॉर्मल’चा अर्थ काय?

वीर्यतपासणीत मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: शुक्राणू किती आहेत, हलतात कसे आणि दिसतात कसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला एक कोटी साठ लाख ही खालची मर्यादा दिली आहे. आमच्या भाषेत बोलायचे तर कॅशियरने बंडल मोजले, नोटा शंभर भरल्या. त्यातली एखादी मधोमध फाटलेली आहे का, हे नुसत्या मोजणीत कळत नाही.

शुक्राणूचे डोके म्हणजे बापाच्या डीएनएची घट्ट बांधलेली वळकटी. इतर पेशींत डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, ती बहुतेक काढून त्यांच्या जागी प्रोटॅमिन नावाची दुसरी प्रथिने येतात, तेव्हा कुठे एवढा लांब धागा एवढ्याशा जागेत मावतो. या बांधाबांधीत आणि पुढच्या प्रवासात धागा तुटू शकतो. पूर्ण तयार झालेल्या शुक्राणूला तो स्वतः सांधता येत नाही. ते काम बाईचे बीज करते! (इथेही निस्तरणे तिच्याच वाट्याला.) तुटफूट थोडी असेल तर ते निभावून नेते, वय वाढलेले असेल किंवा तुटफूट फार असेल तर जमत नाही. मग गर्भ धरत नाही, किंवा धरून पडतो. अशा वेळी रिपोर्टातली संख्या उत्तम असू शकते.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या बायकांचे गर्भ कारण न सापडता वारंवार पडत होते, अशा पुरुषांचे शुक्राणू त्यांनी तपासले. नेहमीच्या तपासणीत हे पुरुष नॉर्मल होते. पण त्यांच्या डीएनएवरच्या काही रासायनिक खुणा बिघडलेल्या आढळल्या. डीएनए तुटणे आणि खुणा बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी, हे खरे. पण गर्भ पडला की फक्त बाईकडे बोट दाखवण्याची आपली सवय दोन्हींपुढे टिकत नाही.

याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ते दिवस अनेकांना आठवत असतील. पुढे १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडून गर्भ रुजवल्याचे जाहीर केले. इक्सी ती हीच. शुक्राणू मोजकेच असलेल्या पुरुषांना तिने बाप केले, हे उपकार मोठेच. पण तो एक शुक्राणू निवडतात सूक्ष्मदर्शकाखाली, चाल आणि रूप पाहून. पोटातला तुटका धागा तिथे दिसत नाही. म्हणून लाखो रुपये घालून दोन-तीनदा अपयश आलेल्या जोडप्याने नवऱ्याकडे पुन्हा एकदा नीट बघायला हवे.

तुटफुटीची कारणे परिचयातलीच आहेत: तंबाखू, विडी-सिगारेट, वाढते वय, मोठा ताप, जंतुसंसर्ग, लठ्ठपणा, भट्टीसमोरचे काम, वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा. दिलासा एवढाच, की शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. आज सोडलेल्या तंबाखूचा हिशेब साधारण तीन महिन्यांनी दिसू लागतो. शेजारच्या मुलाने दुसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून डीएनएची तपासणी केली, तुटफूट बरीच निघाली आणि शिराही फुगलेल्या निघाल्या. सासूबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. सुनेने मात्र, तीन वर्षांत पहिल्यांदाच, रात्री शांत झोप लागल्याचे माझ्या पत्नीला सांगितले. मूल अजून नाही. आणि सगळा दोष त्या तुटफुटीचाच, असे डॉक्टरही म्हणत नाहीत.

ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करावी असेही नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०२०मध्ये स्पष्ट सांगितले, की पहिल्याच फेरीत ती नको. वारंवार गर्भपात होत असतील तर विचार करावा. पद्धती तीन-चार आहेत, प्रत्येकीचे आकडे वेगळे, त्यामुळे एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट दुसरीच्या रिपोर्टाशी ताडून बघू नये. शिरांच्या शस्त्रक्रियेने तुटफूट कमी होते असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. मात्र दुकानात ‘पुरुषांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे तसे नाही. अमेरिकेत काहींना खऱ्या आणि काहींना खोट्या गोळ्या देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२०मध्येच आले, आणि डीएनएच्या तुटफुटीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.