पानाआडचा आंबा यंत्राला दिसतो का?

एप्रिल आला की रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत आंबे उतरवायची घाई सुरू होते. गड्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला झेला. झेला म्हणजे पातं आणि जाळी. गडी मान वर करतो, इतक्या आंब्यांतून एक हेरतो आणि देठासकट अलगद उतरवतो. शेजारचा मात्र तसाच ठेवतो. का हो, असं विचारलंत तर म्हणेल, "ह्यो चौदा आणे झालाय, त्यो नाय." जुन्या रुपयात सोळा आणे असायचे ना, त्या हिशेबानं! चौदा आणे तयार, म्हणजे आता आढीत घातला की छान पिकेल. देठाजवळचे आंब्याचे खांदे भरले का, हिरवा रंग थोडा उजळला का, हे सगळं तो खालून एका नजरेत बघतो.

हेच काम कॅमेऱ्याला सांगितलं तर? पंचाईत! कॅमेऱ्याला आंबा दिसतच नाही, दिसतात नुसते आकडे. फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा किती हे सांगणारे ० ते २५५ मधले तीन आकडे. पान हिरवं, कच्चा आंबाही हिरवा. आता आकड्यांच्या त्या गर्दीतून आंबा शोधायचा कसा?

ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल क्वीन्सलँड विद्यापीठात आनंद कोइराला, केरी वॉल्श आणि त्यांचे सहकारी याच कोड्यामागे लागले. २०१९ मध्ये त्यांनी आंबे मोजणारा एक संगणक प्रोग्राम जगासमोर मांडला. नाव गमतीचं, 'मँगोयोलो'. त्याला शिकवायला आधी माणसांनी फोटोतल्या आंब्यांभोवती चौकटी काढल्या. कंटाळवाणं काम! मग संगणकानं अंदाज करायचा, चुकला की आतली गणितं जराशी बदलायची, पुन्हा अंदाज करायचा. असं करत करत काठ कुठे वळतो, गोलाई कशी असते, उजेड कुठे चमकतो, हे त्याला उमगत गेलं.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते. ते फोटो काढायला रात्री जायचे! दिवसा ऊन-सावलीचा खेळ चालतो, एकच आंबा एका बाजूनं पांढरा आणि दुसऱ्या बाजूनं काळा दिसतो. रात्री गाडीवर दिवे लावून रांगांमधून गेलं की समोरचं झाड लख्ख उजळतं आणि मागची झाडं अंधारात गडप. मोजणीत घोटाळा नको.

पण पानाआड दडलेल्या आंब्याचं काय? सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यावर उपाय मांडला. त्यांचा चाकांचा रोबो झाडाजवळून पुढे सरकता सरकता फोटो काढत राहतो. इथून लपलेला आंबा दोन पावलं पुढून दिसतो. तोच आंबा पुन्हा दिसला तर तो दोनदा मोजला जाऊ नये, एवढं गणितानं सांभाळायचं.

हे रोबो उद्या रत्नागिरीत येतील का? मला नाही वाटत. तिकडे झाडं बुटकी, रांगेत लावलेली. आपल्याकडे जांभ्या कातळाचे चढउतार आणि जुनी उंचच उंच कलमं. झेलेवाल्या गड्याची जागा घेणं सोपं नाही.

आंबा उतरवल्यानंतर मात्र यंत्राची खरी गरज आहे. हापूसचा एक छुपा शत्रू आहे, साका. बाहेरून आंबा देखणा, वासही छान, आणि कापला की बाठ्याजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट! गड्याची नजर कितीही तयार असली तरी तिला हे कळत नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आंब्याचा चक्क एक्स-रे काढला आणि १९९३ मध्ये दाखवून दिलं की साका त्यात ओळखू येतो. साक्याच्या भागात हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून एक्स-रे जास्त आरपार जातात, म्हणून चित्रात तो भाग वेगळा उमटतो. पण हंगामातल्या लाखो आंब्यांचा एक्स-रे काढत बसायचं म्हणजे खर्च आला, वेळ आला.

म्हणून संशोधक आणखी एका उजेडाकडे वळलेत, अवरक्त किरणांकडे. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण आंब्याच्या सालीतून थोडे आत शिरतात आणि परत येताना गराची खबर आणतात. पाणी किती, पिष्ट किती, म्हणजे पुढे गोडी किती येईल. वॉल्श यांचा गट यावरही काम करतो. हातात धरायच्या छोट्या यंत्रानं, आंबा न कापता, हे मोजता येतं.

असे किरण तुमच्या घरातही आहेत. टीव्हीच्या रिमोटचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा, बटण दाबा आणि पडद्यावर बघा. बऱ्याच फोनमध्ये फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. नाही दिसला तर दुसरा फोन घ्या!