आपला कंदील, एलईडीचा उजेड

बालमित्रांनो, दिवाळीत स्टेट कॉलेजला अंधार लवकर पडतो. दारात आकाशकंदील हवाच! पूर्वी आतला ६० वॉटचा बल्ब कागदाला टेकला, की कागद करपे. एलईडीचा ९ वॉटचा दिवा साधारण तेवढाच उजेड देतो आणि खूप कमी तापतो. पण त्याचा उजेड मुख्यतः समोर जातो. चांदणीची टोके काळोखात राहतात. म्हणून आपण पुठ्ठ्याच्या नळीभोवती बॅटरीवरची एलईडीची माळ गुंडाळू आणि नळी कंदिलात मधोमध बसवू. नुसत्या जिलेटिनमधून दिव्यांचे सुटे ठिपके दिसतात. आतून बटरपेपर लावला, की उजेड सारखा पसरतो. जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड हवा असेल, तर खोक्यावर २७०० केल्विन हा आकडा पाहावा. पालकांनो, यंदा माळ मुलांनाच गुंडाळू द्या!