कुलूप आणि सील

आमच्या आयसीयूमधला एक सिरिंज पंप जवळजवळ दीड वर्ष कपाटावर पडून होता. सिरिंज पंप म्हणजे तासाला ठरावीक मिलिलिटर औषध शिरेत ढकलणारे छोटे यंत्र. रक्तदाब सावरणारे नॉरअॅड्रेनलिन, इन्सुलिन, झोपेची औषधे यातूनच जातात. पंपाची मोटर ठीक होती, बॅटरीही नवी होती. पण सुरू केला की पडद्यावर 'सर्व्हिस' ही अक्षरे आणि खाली कोड मागणारा चौकोन. कोड कंपनीच्या माणसाकडे. जुनी एजन्सी बंद झालेली आणि नव्या एजन्सीचे उत्तर ठरलेले: ते मॉडेल आता येत नाही, नवीन घ्या.

एके दिवशी आमच्या बायोमेडिकल इंजिनिअरने तो पंप चालू अवस्थेत माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सर, बाजारात एक दुरुस्तीवाला भेटला. आपल्या दुसऱ्या चालू पंपाची चिप वाचली आणि जशीच्या तशी यात उतरवली. अर्ध्या तासाचं काम."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. खाटा भरलेल्या आणि पंप मोजके, अशा वॉर्डात कायदा नंतर आठवतो. मुलगा मात्र सावध होता. "लगेच पेशंटला लावू नका," म्हणाला. आम्ही सिरिंजमध्ये पाणी भरले, तासाला १० मिलिलिटरचा वेग लावला आणि नळीचे टोक मोजपात्रात सोडले. तासाभराने पात्रात साडेअकरा मिलिलिटर पाणी होते. नॉरअॅड्रेनलिनवर असलेल्या रुग्णाला हा फरक महागात पडू शकतो.

असे का झाले, हे समजायला यंत्राच्या पोटात शिरावे लागते. पंपात एक चिप असते आणि तिच्यात कायम मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. मोटर किती फिरवायची, अलार्म केव्हा वाजवायचा, हे तोच ठरवतो. या पंपात प्रोग्रॅमच्या शेजारीच आणखी काही आकडे साठवलेले होते. कोणतेही दोन पंप घडणीत तंतोतंत सारखे नसतात, म्हणून कारखान्यात प्रत्येकाचे माप घेऊन त्याच्यापुरती दुरुस्ती चिपमध्ये लिहून ठेवतात. दुरुस्तीवाल्याने प्रोग्रॅमबरोबर तेही आकडे उचलले. एकाच्या नंबरचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर बसला.

अशी उचलेगिरी होऊ नये म्हणून कंपन्या काय काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. सर्वात साधा उपाय म्हणजे चिपला 'बाहेरून वाचू देऊ नकोस' असे सांगणारे कुलूप. आमच्या जुन्या पंपात तेही नव्हते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे प्रोग्रॅम सांकेतिक रूपात साठवायचा, म्हणजे कोणी वाचला तरी अर्थ लागू नये. काही ठिकाणी प्रोग्रॅम त्या चिपच्या स्वतःच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. दुसऱ्या चिपमध्ये टाकला तर चालतच नाही. आणि चौथा उपाय म्हणजे डिजिटल सही. यंत्र सुरू होताना आधी तपासते की हा प्रोग्रॅम कंपनीनेच दिलेला आहे ना, मध्ये कोणी हात तर लावला नाही ना.

पहिले तीन उपाय आणि चौथा, यांत मला मूलभूत फरक दिसतो. पहिले तीन म्हणजे कुलूप: आत काय आहे ते कोणाला कळू नये. चौथा म्हणजे सील: आत काय आहे ते कळले तरी चालेल, पण बदलले गेलेले नसावे. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लेबलवर उघड छापलेले असते आणि झाकणावर सील असते. रुग्णाच्या जिवाला जपते ते सील. कुलूप मुख्यतः कंपनीच्या धंद्याला जपते. कंपनीला धंदा जपायचा हक्क नाही, असे मी म्हणत नाही. एका पंपामागे वर्षानुवर्षांच्या चाचण्या असतात आणि नकल करणारा त्या चाचण्यांचा एक रुपयाही न भरता तेच यंत्र अर्ध्या किमतीत विकू शकतो. पण 'सुरक्षिततेसाठी गुप्तता' असे कोणी सांगू लागले की मी विचारतो, कोणाची सुरक्षितता?

नॉर्वेच्या मारी मू या संगणक-सुरक्षेच्या संशोधक. त्यांच्या स्वतःच्या छातीत पेसमेकर आहे. तो बसवल्यानंतर लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या भुयारी स्थानकाचा उंच जिना चढताना त्यांचा जीव एकदम कासावीस झाला. कारण नंतर सापडले. हृदयाची गती मिनिटाला १६० ठोक्यांवर पोचली की त्यांचा पेसमेकर ती निम्म्यावर, म्हणजे ८० वर आणत होता. कमाल मर्यादा वयस्क रुग्णाला शोभेल अशी लावलेली होती. पण डॉक्टरांना ते चटकन कळेना, कारण पेसमेकरची मांडणी दाखवणाऱ्या बाहेरच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येच चूक होती. पडद्यावर एक आकडा, छातीत दुसरा. आम्ही डॉक्टर पडद्यावर विश्वास ठेवूनच औषध लिहितो, म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा मी माझ्या आयसीयूतल्या सगळ्या पडद्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. मू यांनी पुढे अशी यंत्रे मिळवून, सहकाऱ्यांसह ती उलगडून अभ्यासायला घेतली. आपल्या हृदयाला हुकूम देणारा प्रोग्रॅम वाचायची इच्छा होणे, यात गैर काय?

तयार यंत्र उलगडून त्याची रचना शोधण्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की चोरीचा वास येतो. खरे तर आमच्या दवाखान्यातले औषधांचे कपाट त्यावरच उभे आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट दिले. मग भारतीय रसायनतज्ज्ञांनी परदेशी औषधे उलगडली आणि वेगळ्या वाटेने बनवली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरच्या तीन औषधांचे वर्षभराचे उपचार ३५० डॉलरना देऊ केले, तेव्हा मूळ कंपन्यांचा भाव १० हजार डॉलरच्या वर होता. पण जेनेरिक औषधाला एक परीक्षा द्यावी लागते: ते रक्तात मूळ औषधाइतकेच पोचते का? आमच्या टेबलावरच्या पंपाने अशी कोणतीच परीक्षा दिलेली नव्हती. दुरुस्तीवाल्याने काही उलगडले नाही, समजून घेतले नाही. फक्त उतरवले.

समजून घेतल्यावर त्या ज्ञानाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरतो. २०१६ मध्ये अमेरिकेत मेडसेक नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी सेंट ज्यूड मेडिकल या कंपनीची हृदयात बसवायची यंत्रे तपासली आणि त्यांत सुरक्षेच्या त्रुटी असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी ते उत्पादकाला आधी कळवले नाही. मडी वॉटर्स या गुंतवणूक कंपनीला सांगितले. तिने सेंट ज्यूडचे शेअर घसरतील यावर पैसे लावले आणि मग अहवाल जाहीर केला. शेअर घसरले. कंपनीने आरोप नाकारले, खटला भरला. पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्रुटी मान्य केल्या आणि त्या देशातल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरना फर्मवेअर बदलण्याची शिफारस झाली. रुग्णाने दवाखान्यात यायचे, काम साधारण तीन मिनिटांचे, तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव गतीवर. नव्या फर्मवेअरमुळे पेसमेकरशी बोलू पाहणाऱ्या प्रत्येक यंत्राला आधी आपला परवाना दाखवावा लागू लागला. म्हणजे बसवले ते सीलच.

त्या संशोधकांनी यंत्र उलगडले याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. पुढचे मात्र मला पटत नाही. पॅथॉलॉजिस्टला स्लाइडवर कॅन्सर दिसावा आणि रुग्णाला सांगण्याआधी त्याने त्यावर सौदा करायला धावावे, तसे ते झाले.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. काही जुन्या इन्सुलिन पंपांना रेडिओवरून दिलेले हुकूम कोण देते आहे, हे ओळखता येत नव्हते. हा दोषच. पण मधुमेहाच्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी त्याच फटीतून पंपाशी संवाद साधला आणि साखर पाहून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारी व्यवस्था घरी बनवली. अमेरिकेतल्या डेना लुईस यांनी २०१५ मध्ये त्याची कृती सर्वांसाठी खुली केली. २०१९ मध्ये एफडीएने नेमक्या त्या दोषासाठी मेडट्रॉनिकच्या जुन्या पंपांबाबत इशारा दिला. एफडीएचे चूक नव्हते. रुग्णांचेही नव्हते. त्याच परंपरेतल्या टाइडपूल लूप या ॲपला जानेवारी २०२३ मध्ये एफडीएची रीतसर मंजुरी मिळाली, हे सांगायला हवे.

आपला कायदा याबाबतीत समजतो त्यापेक्षा उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, प्रोग्रॅम ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला तो कसा चालतो हे पाहायची, अभ्यासायची, तपासायची मुभा आहे. दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढायचीही आहे. नकला करून विकायची नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीसाठी डिजिटल कुलूप उघडायला सवलत दिली.

आमच्या पंपाकडे परत येतो. इंजिनिअरला त्याचे माप नव्याने लावता आले असते, पण ते पान उघडायलाही कोड लागतो. एजन्सीला दोन पत्रे गेली आहेत. तोवर पंपावर लाल अक्षरांत 'रुग्णासाठी वापरू नये' अशी पट्टी आहे आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी त्यात पाणी भरून शिकतात.

गेल्या महिन्यात नव्या पंपांच्या खरेदीचा प्रस्ताव करताना मी एक ओळ वाढवली: सर्व्हिस मॅन्युअल आणि माप लावण्याचा कोड यंत्रासोबत द्यावा. लिपिकाने चष्मा वर करून विचारले, "सर, ही अट कुठल्या रकान्यात टाकू? आधी कोणी घातलेली नाही." शेवटी त्याने ती 'इतर'मध्ये टाइप केली.