तारेवरचा जागल्या

शिरूर तालुक्यांतील आमच्या कवठे येमाई गांवीं शेतांवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. मागें वळवाच्या वाऱ्यानें त्यांतील एक तार तुटून आमच्या बांधालगतच्या उसांत पडली. मोटार चालू करावयास निघालेला गडी कुत्र्याच्या भुंकण्यानें थबकला, म्हणूनच वांचला. कोरड्या मातीवर पडलेल्या तारेंतून कधीं कधीं इतका अल्प प्रवाह वाहतो कीं, उपकेंद्रांतील रक्षक यंत्रास त्याचा पत्ताही लागत नाहीं. आणि तार जिवंतच राहते. तारेनें आपलें दुखणें आपणच सांगितलें तर किती बरें होईल, असें तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत होतें.

तशी सोय आतां झालेली आहे. तारेभोंवतीं मिटतां येईल असें एक कडें बसवितात. त्यांतील यंत्र तारेची उष्णता, प्रवाह व झोळ मोजतें आणि बिनतारी संदेशानें कचेरीस कळवितें. वाचक विचारतील, या यंत्रास शक्ति कोठून मिळते? शेल घालावे तर ते संपतात. आणि ११,००० व्होल्टच्या तारेवर चढून ते वरचेवर बदलणें म्हणजे जिवाशीं खेळ.

याचें उत्तर फॅराडे यांनीं १८३१ सालींच देऊन ठेविलें आहे. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलें म्हणजे त्यांतील वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. आपल्याकडील प्रवाह सेकंदांत ५० आवर्तनें करितो. त्याबरोबर तारेभोंवतींचें क्षेत्रही सारखें पालटतें. कड्याचें लोखंड तें क्षेत्र एकवटतें, आणि त्यावरील तांब्याच्या वेटोळ्यांत यंत्रापुरती वीज निर्माण होते.

ही वीज फुकटची नव्हे. ती तारेंतूनच येते. मग हें कडें आणि चोरून टाकलेला आकडा यांत भेद तो काय? आकडा घेतो आणि गांवास अंधारांत व धोक्यांत लोटतो. कडें चिमूटभर घेऊन रखवाली करितें. जुन्या गांवगाड्यांत जागल्यास गांवच्या धान्यांतून वांटा मिळे व तो रात्रभर गस्त घाली, तसेंच हें.

परंतु या जागल्याचीही उपासमार होते. तारेवरील भार उतरला कीं प्रवाह घटतो व कड्यास शक्ति पुरत नाहीं. तार तुटली तर नेमका संकटाच्या वेळींच घास बंद! म्हणून भरल्या वेळीं थोडी शक्ति सांठवून ठेवावी लागते, म्हणजे निदान शेवटचा संदेश तरी जातो. उलट, दोन तारा एकमेकींस भिडल्या तर प्रवाह एकदम अनेक पटींनीं वाढतो; तेव्हां जादा शक्ति बाजूस वळविण्याचीही योजना करावी लागते.

असें कडें अजून प्रत्येक तारेवर नाहीं. तोंवर घरोघरच्या वडील मंडळींनीं मुलांस व गड्यांस एवढें बजावून ठेवावें: पडलेली तार मेलेली समजूं नये, काठीनेंही हलवूं नये, दूर राहून इतरांस अडवावें आणि १९१२ या क्रमांकावर तत्काळ कळवावें. तारेस वाचा येईपर्यंत जागल्याचें काम आपलेंच आहे.